आत कोणी नाही म्हणे!

भोपाळमध्ये मथळ्यात ‘गॅस’ हा शब्द टाकायला आजही छाती लागते. बाहेरगावच्या वाचकाला त्या शब्दाने सिलिंडर आठवत असेल, फार तर दरवाढ. इथे तो शब्द ऐकून म्हातारी माणसं चपला न घालता रस्त्यावर येतात, आणि का येतात हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मी ज्या हिंदी दैनिकात उमेदीची सगळी वर्षं घालवली, तिथे म्हणून एक शिरस्ता होता. तसली बातमी आली की डेस्कवरचा माणूस बातमीदाराला विचारायचा, कोणता, कुठे, आणि वारा कुणीकडे? तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय बातमी छापखान्यात जात नसे, मग मालक स्वतः येऊन टेबलापाशी उभे राहिले तरी.

डेस्क म्हणजे काय ते सांगते, कारण लोकांना वर्तमानपत्र म्हटलं की हातात माईक घेतलेला बातमीदारच दिसतो. बातमीदार बाहेर हिंडतो आणि बातमी आणतो. डेस्कवरची माणसं ती वाचतात, शंका काढतात, कापतात आणि मथळा देतात. थोडक्यात, दिवसभर दुसऱ्याच्या कामात खोड काढण्याचा पगार मिळतो. माझ्या स्वभावाला हे इतकं मानवलं की सासरी सगळे म्हणत, हिला घरी येऊन वेगळं काही करावं लागत नाही.

आम्ही मूळचे नागपूरचे. आजोबा सरकारी कचेरीबरोबर इथे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, कामात हिंदी, आणि भांडताना जे आधी तोंडात येईल ते. निवृत्त झाल्यावर मी भाजी निवडत बसेन असा घरच्यांचा अंदाज होता. तो चुकला. शलाका नावाची इंदूरची एक मुलगी माझ्या हाताखाली शिकून तयार झाली होती. ती नोकरी सोडून आली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, आपण आपलं चॅनल काढू. मोबाइलवर. शहरापुरतं.’’ जवाहर चौकात साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या दुकानाच्या वर एक खोली मिळाली. शलाका बाहेर हिंडणार, इम्रान संगणक सांभाळणार आणि मी खोड काढणार. खालच्या मशीनची घरघर आमच्या प्रत्येक लाइव्हमध्ये ऐकू येते. प्रेक्षकांना आता तीच आमची ओळख वाटते.

नवीन माध्यमात मला सगळ्यात जास्त गंमत वाटली ती वाचकांची. छापील पेपरच्या काळात शहराच्या दक्षिण टोकाच्या मिसरोदचे शितोळेकाका रोज सकाळी फोन करून आदल्या दिवशीच्या चुका वाचून दाखवायचे. मूळचे ग्वाल्हेरचे, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत. पेपर सुटला तेव्हा वाटलं, सुटले बाई! पण चॅनल सुरू झाल्यावर पहिल्याच लाइव्हखाली त्यांची प्रतिक्रिया आली, ‘वैद्यबाई, चष्मा पुसा.’ मी खरोखरच पुसला.

तर आता त्या दिवसाचं. मला तो सांगताना अजून खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

दुपारची वेळ. इम्रानने मान वर केली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. मिसरोदच्या पुढे, मंडीदीपच्या कारखान्यांच्या बाजूचा व्हिडिओ होता. एका पत्र्याच्या शेडमागून पांढरा लोट जमिनीलगत पसरतोय, लोक तोंडाला रुमाल लावून पळताहेत, आणि चित्रण करणारा ओरडतोय, ‘‘गैस! गैस! भागो!’’ बस, एवढंच. पण तोवर तो व्हिडिओ गावभर झाला होता. दोन चॅनलवाल्यांनी त्याला भीतीदायक संगीत लावलं होतं. एकाने तर शहराचा नकाशाच लाल रंगवून टाकला होता.

इम्रानने आमच्या लाइव्हवर लावायचं चित्रही तयार करून ठेवलं होतं. मोठ्या पिवळ्या अक्षरांत, ‘भोपाल में फिर गैस?’

मी म्हटलं, ‘‘काढ ते.’’

‘‘मैडम, क्वेश्चन मार्क लगाया है अपन ने!’’

या प्रश्नचिन्हाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. आजच्या बातमीदारीत ते ढालीसारखं वापरतात. खोटं बोलायचं, घाबरवायचं, आणि शेवटी प्रश्नचिन्ह ठोकून द्यायचं, म्हणजे आपण काही म्हटलंच नाही. मी इम्रानला म्हटलं, ‘‘बेटा, प्रश्न विचारायचा तर कुणाला तरी विचारावा लागतो. हा तू कुणाला विचारलास?’’ त्याने तोंड वाकडं केलं, पण चित्र काढलं.

शलाका तेव्हा त्याच बाजूला, होशंगाबाद रोडवर, दुसऱ्या कामाला गेली होती. तिला फोन लावला तर ती आधीच स्कूटर वळवून निघालेली. ‘‘मॅडम, पोहोचतेच आहे. इकडून सगळ्या गाड्या उलट्या येऊन राहिल्यात. जाम झालाय.’’

‘‘कोणता, कुठे, वारा कुणीकडे,’’ मी म्हटलं.

‘‘माहिती आहे हो!’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

इकडे माझा दुसरा फोन वाजायला लागला. शितोळेकाका. खणखणीत आवाज पार कापत होता. ‘‘वैद्यबाई, बाकी सगळे ओरडून राहिलेत आणि तुमच्या चॅनलवर शुकशुकाट! मी गाडीत बसलोय. हिला कसंबसं मागे आडवं केलंय. निघू का?’’ काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. त्यांना हलवायचंच नव्हतं.

आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड वाक्य मी तेव्हा उच्चारलं. म्हटलं, ‘‘काका, मला अजून माहीत नाही. माहीत झालं की पहिलं तुम्हाला सांगते. तोवर रस्त्यावर येऊ नका, रस्ता जाम आहे.’’

लगेच आम्ही लाइव्ह सुरू केलं. मी स्वतः कॅमेऱ्यासमोर बसले आणि तेच वाक्य हिंदीत सांगितलं. मंडीदीपच्या एका कारखान्यातून काहीतरी बाहेर आलंय, काय ते आम्हाला अजून ठाऊक नाही, आमची बातमीदार पोहोचते आहे, रस्ता मोकळा ठेवा. खाली प्रतिक्रिया धो-धो. ‘पता नहीं तो बैठी क्यों हो आंटी.’ एकाने मला सरळ सरकारची हस्तक ठरवलं. आंटीचं मला जास्त लागलं.

मग शलाका पडद्यावर आली. कारखान्यापासून बऱ्याच अंतरावर, रस्त्याच्या अलीकडे उभी होती. तिच्यामागे एका मंदिरावरचं निशाण फडफडत होतं आणि लोटाच्या दिशेने ताणलेलं होतं, म्हणजे वारा तिच्या पाठीवर होता. पोरगी शहाणी! मला खोलीत टाळी वाजवावीशी वाटली. ती सांगत होती, ‘‘बाहर आए लोग बता रहे हैं, बहुत तेज़ बदबू है, जैसे बिना धुले पेशाबघर में आती है. आँखें जल रही हैं.’’ अग्निशमनचे लोक लोटावर पाण्याचे फवारे मारत होते. त्यांच्या एका अधिकाऱ्याला तिने धावत धावत गाठलं. तो म्हणाला, ‘‘अमोनिया है. कोल्ड स्टोरेज की लाइन फटी है. वाल्व बंद कर दिया है.’’ हवा कुणीकडे, असं विचारल्यावर त्याने मोकळ्या शेतांकडे हात केला. ती भोपाळच्या नेमकी उलटी दिशा होती.

कोणता, कुठे, वारा कुणीकडे. मिळाली! तिन्ही मिळाली! मी ते सगळं एकेक करून सांगितलं. हा शीतगृहातला अमोनिया आहे, हा एका शेडपुरता आहे, वारा शेतांकडे आहे. कारखान्याजवळ असाल तर ओलं फडकं नाकाला लावून वाऱ्याच्या उलट बाजूला जा, मिसरोदमध्ये असाल तर घरात थांबा. पुन्हा सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. अशा वेळी आपलं वाक्य लोकांच्या पायांपर्यंत पोहोचतंय हे जाणवतं, आणि त्याची नशा काही औरच असते. छापील पेपरमध्ये मला ती कधी मिळाली नव्हती. तिथे आमचं शहाणपण दुसऱ्या दिवशी चहाबरोबर पोहोचायचं.

मी शितोळेकाकांना फोन लावला. ‘‘काकूंना घरात न्या. खिडक्या लावून घ्या.’’

ते म्हणाले, ‘‘तुमचं बघितलं मी. नेतोच आहे. पण बाई, एक भानगड आहे. आमच्याकडे हिच्या मदतीला राजकुमारी येते ना, तिचा नवरा त्याच कारखान्यात आहे. फोन उचलत नाहीये. राजकुमारी मघापासून रडून राहिली आहे. जरा बोला तिच्याशी.’’

राजकुमारी फोनवर आली. रडणं आवरून ती एकेक शब्द नीट बोलत होती, जणू मी लिहून घेतेय हे तिला कळलं होतं. ‘‘दीदी, मेरे आदमी का नाम हरिराम है. ठेके पे माल चढ़ाते हैं, ठंडे वाले गोदाम में. फैक्टरी में फोन किया तो बोले, अंदर कोई नहीं है, सब निकल गए. निकल गए तो फोन क्यों नहीं उठा रहे?’’

घाईत फोन पडला असेल, बंद पडला असेल. अशी दहा कारणं मला सुचली आणि मी ती सांगणारही होते. तेवढ्यात मला सायकल स्टँड आठवला.

हा आमच्या पिढीच्या बातमीदारांचा जुना रिवाज. संप असला की व्यवस्थापन सांगणार, सगळे कामावर आलेत. युनियन सांगणार, एकही आलेला नाही. दोघांचं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, आणि बाहेर पडताना गुपचूप कामगारांच्या सायकल स्टँडवर नजर टाकायची. स्टँडला कुठल्याच बाजूचा पगार मिळत नाही. आता तिथे मोटरसायकली असतात, एवढाच फरक.

मी विचारलं, ‘‘राजकुमारी, हरिराम की गाड़ी कौन-सी है?’’

‘‘लाल वाली, दीदी. पीछे ‘परी’ लिखा है. हमारी बेटी.’’

‘‘ये बात मैं सबके सामने कहूँ? आपका नाम, उनका नाम?’’ हे विचारावंच लागतं. घाई कितीही असली तरी विचारावं लागतं.

‘‘कहो, दीदी. ज़ोर से कहो.’’

तिकडे वाल्व बंद झाल्यावर शलाका फाटकापर्यंत गेली होती, आणि तिथे कंपनीचा एक व्यवस्थापक आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आवाज अगदी शांत. शलाकाने माईक पुढे केला. तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, ‘‘सिचुएशन पूरी तरह कंट्रोल में है. सब लोग सुरक्षित निकल चुके हैं. अंदर कोई नहीं है.’’

मी शलाकाच्या कानातल्या यंत्रात म्हटलं, ‘‘स्टँड.’’ तेवढ्याने तिला कळलं. तिने कॅमेरा वळवला. फाटकाच्या आत पत्र्याखाली स्टँड होता आणि जवळजवळ रिकामा. बाहेर आलेल्यांनी गाड्या काढल्या होत्या आणि गेले होते. कोपऱ्यात एकच मोटरसायकल उभी होती. लाल. शलाकाने चित्र मोठं केलं. मागच्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘परी’.

इम्रान उभाच राहिला. ‘‘मैडम, वो अंदर है! बोल दो, अंदर है!’’

बोलायचं नव्हतं. तो आत आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. कुणी गाडी टाकून जिवाच्या भीतीने पळतो, कुणाला मित्र मागे बसवून नेतो. मी फक्त जे दिसत होतं तेवढं सांगितलं. हरिराम नावाचा कामगार या गोदामात काम करतो, त्याची बायको त्याला शोधते आहे, तो फोन उचलत नाही, त्याची गाडी स्टँडमध्ये आहे, कंपनी म्हणते आत कोणी नाही. आणि मग शलाकाने त्या व्यवस्थापकाला थेट विचारलं, ‘‘सर, हरिराम कहाँ हैं?’’

इम्रानच्या मघाच्या प्रश्नचिन्हात आणि या प्रश्नात काय फरक होता, ते त्याला तेव्हा कळलं असावं. व्यवस्थापकाच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली. ‘‘ठेकेदार का आदमी होगा, हमें नहीं पता,’’ असं काहीतरी तो पुटपुटला. पण तो अग्निशमनचा अधिकारी मागे उभा राहून ऐकत होता. त्याने पुढे काही विचारलंच नाही. दोन जवानांना हाक मारली, त्यांनी मास्क चढवले आणि ते आत शिरले.

नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. एका सरकारी खात्यातले अधिकारी. चांगले ओळखीचे, एरवी सभ्य. ‘‘मैडम, लाइव बंद कीजिए. अफ़वाह फैल रही है.’’

मी म्हटलं, ‘‘साहब, अफ़वाह तो हमने रोकी है. आप ही आकर बोल दीजिए, मैं अभी जोड़ती हूँ.’’

‘‘मुझे ऊपर से कहा गया है.’’

‘‘तो ऊपर वालों को जोड़ दीजिए.’’

ते जरा कडक आवाजात म्हणाले की नोटीस येऊ शकते. पूर्वी असले फोन मालकांना जायचे आणि चाळून, गाळून माझ्यापर्यंत यायचे. आता मध्ये कुणी नाही, थेट माझ्याच कानात. पण मी म्हटलं, ‘‘आदमी मिल जाए, फिर भेजिए नोटिस,’’ आणि फोन पालथा ठेवला.

पुढचा वेळ मला आठवतो तो खालच्या मशीनच्या आवाजाने. पडद्यावर फक्त शेडचं दार आणि पाण्याचे फवारे. ओरडणाऱ्या प्रतिक्रियाही थांबल्या होत्या. मिसरोदहून शितोळेकाकांची एकच ओळ आली, ‘आम्ही बघतोय.’

आणि मग दारातून ते तिघं बाहेर आले. दोन जवान, आणि त्यांच्या खांद्यांवर एक माणूस. डोळे गच्च मिटलेले, तोंडावर ओलं जॅकेट. पाय ओढत होता, पण स्वतःचेच पाय ओढत होता! गोदामाच्या बाजूच्या कपडे बदलायच्या खोलीत त्याने स्वतःला कोंडून घेतलं होतं. बादलीतल्या पाण्यात जॅकेट बुडवून तोंडावर धरलं होतं. दाराबाहेर लोट असल्याने बाहेर पडता येईना, आणि पळताना फोन बाहेर पडलेला. शलाका रडत रडत बोलत होती. मी तिला कधी कॅमेऱ्यावर रडू दिलं नव्हतं, त्या दिवशी दिलं. इम्रान खाली धावत जाऊन फॉल-पिकोवाल्याला मिठी मारून आला.

माझी बातमी इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. मीही इथेच थांबून मिरवलं असतं.

हरिराम दवाखान्यातून घरी आल्यावर काही दिवसांनी आमच्या खोलीचा जिना चढून आला. बरोबर राजकुमारी. डोळे अजून लालसर, आवाज घोगरा. मला वाटलं, भेटायला आलाय. मी चहा सांगितला. तो बसेचना. मग खाली बघत म्हणाला, ‘‘मैडम, वो वीडियो हटा दो.’’

ठेकेदाराने सांगितलं होतं, व्हिडिओ दिसतोय तोवर तुला काम नाही. या गोदामातही नाही आणि दुसऱ्याही नाही. सरकारी नोटीसही तोवर आली होती, आणि तिला आम्ही वकिलाकडून दणदणीत उत्तर दिलं होतं. त्या उत्तराचा मला भारी अभिमान होता. नोटिशीपुढे ताठ उभं राहायला जमलं होतं. पण ज्याच्यासाठी उभी राहिले तोच समोर हात जोडून उभा होता. त्याचं नाव आम्ही घेतलं होतं, आणि काम त्याचं गेलं होतं. नाव घेताना मी राजकुमारीला विचारलं होतं, त्याला विचारायची सोयच नव्हती. ती सल अजून आहे.

मी शलाकाकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता, पण तिने मान हलवली. मी हरिरामला म्हटलं, ‘‘आपका चेहरा है, आपका नाम है. आप कहेंगे तो हटा दूँगी.’’ मी मनापासून म्हटलं. इम्रानने संगणकावर व्हिडिओ उघडला.

राजकुमारी तोवर दाराशीच उभी होती. ती पुढे आली. ‘‘हटाने से पहले इनको एक बार दिखा दो, दीदी. इन्होंने देखा ही नहीं है. फोन तो वहीं गया इनका.’’

इम्रानने व्हिडिओ सुरू केला. हरिराम वाकून बघू लागला. मंदिराचं निशाण, पांढरा लोट, लोकांची पळापळ. मग माझ्या आवाजात त्याचं स्वतःचं नाव. मग फाटक, आणि तो इस्त्रीचा शर्ट. ‘‘सब लोग सुरक्षित निकल चुके हैं. अंदर कोई नहीं है.’’

हरिरामने हात वर केला. इम्रानने व्हिडिओ थांबवला.

‘‘फिर से,’’ तो म्हणाला.

इम्रानने पुन्हा लावला. ‘‘अंदर कोई नहीं है.’’

हरिराम पडद्यावरच्या त्या चेहऱ्याकडे आणखी वाकला. खाली मशीनची घरघर चालू होती. मग घोगऱ्या आवाजात, पडद्यावरच्या त्या माणसालाच सांगावं तसा तो म्हणाला, ‘‘मैं था.’’

राजकुमारीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो सरळ झाला आणि त्याने मी मागवलेला चहा उचलला.

‘‘रहने दो, मैडम,’’ तो म्हणाला. ‘‘मत हटाओ.’’